आधुनिक चित्रकला, समीक्षा आणि शाळेचं गणित : वाचकाला आत नेणारी पुस्तकं कुठली?

त्रिज्या

नमस्कार मंडळी.

आमच्या तालुक्याच्या ‘ब’ वर्ग वाचनालयाच्या पुस्तक निवड समितीवर यंदा मला घेतलं आहे. मी आठवी ते दहावीला गणित शिकवते, त्यामुळे आधी पावलं माझ्याच विषयाच्या कपाटाकडे वळली. तिथे अपेक्षित प्रश्नसंच आणि वैदिक गणित, बस्स. शेजारच्या ‘कला’ खणात रांगोळी, मेंदी, भरतकाम. त्याखाली ‘समीक्षा’. तिथे पुस्तकं बरीच आहेत, पण देवघेवीच्या वहीत ती कुणी नेल्याची नोंद वर्षानुवर्षं नाही.

समितीतल्या एका ज्येष्ठांचं म्हणणं असं की हे तिन्ही विषय आपल्या वाचकांचे नाहीतच. अनुदानाचे पैसे कादंबऱ्या आणि स्पर्धा परीक्षांवर घाला. मला हे पटत नाही. या तीन विषयांना लोक बिचकतात ते विषय अवघड आहेत म्हणून नव्हे. तिथे वाचकाच्या हातात थेट निकाल ठेवतात. हे महान चित्र, ही थोर कविता, हे सूत्र. आता मान डोलवा. तिथवर कसं पोचलं हे कुणी दाखवत नाही. ज्या पुस्तकात करणाऱ्याचा हात चालताना दिसतो, ते पुस्तक साधा वाचकही नेईल असं माझं ठाम मत आहे.

तर पुस्तकं सुचवा. आधुनिक चित्रकला, साहित्य समीक्षा, शालेय गणित. स्वतः वाचलेलंच सुचवा आणि का ते लिहा. मराठी असेल तर उत्तम, सोपं इंग्रजी चालेल. माझं म्हणणं पटत नसेल तर तेही लिहा.

केळफूल

फार छान धागा. अच्युत गोडबोले यांची ‘कॅनव्हास’ (दीपा देशमुख यांच्यासोबत) आणि ‘गणिती’ (माधवी ठाकूरदेसाई यांच्यासोबत) घेऊन टाका. जाडजूड आहेत, पण गोष्टीसारखी वाचली जातात. माझ्या सासूबाईंनी ‘कॅनव्हास’ दुपारी आडवं पडून पूर्ण वाचलं आणि मग मला व्हॅन गॉगबद्दल सांगत होत्या.

पोतदार

केळफूल, चित्रकारांची चरित्रं वाचून चित्रकार कळतात. चित्र कळेलच असं नाही. त्रिज्याताई ‘हात दिसला पाहिजे’ म्हणतात, त्या कसोटीला मराठीत उतरणारं पहिलं पुस्तक म्हणजे प्रभाकर बरवे यांचं ‘कोरा कॅनव्हास’. मौज, १९९०.

बरवे (१९३६–१९९५) मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकले, विणकर सेवा केंद्रात नोकरी केली, काही वर्षं बनारसला होते. त्यांच्या चित्रांत पान, घड्याळ, शंख अशा साध्या वस्तू मोठ्या मोकळ्या अवकाशात एकमेकींपासून लांब ठेवलेल्या दिसतात. पाहणारा विचारतो, याचा अर्थ काय? बरवे त्या प्रश्नाचं उत्तर देत बसत नाहीत. वस्तू आणि आकार यांत फरक काय, रिकामी जागा खरंच रिकामी असते का, एक आकार ठेवल्यावर दुसरा कुठे ठेवावासा वाटतो आणि का, हे ते स्वतःशी बोलत जातात. त्यांच्या रोजनिशीत अशी टिपणं भरपूर होती. भाषा संथ आहे, एका बैठकीत वाचायचं पुस्तक नव्हे. पण चित्रकार मराठीत विचार करतोय आणि आपण शेजारी उभे आहोत, असा अनुभव मला दुसऱ्या कुठल्या पुस्तकानं दिलेला नाही.

बडनेरकर

पोतदार साहेब, पुस्तक थोरच. पण तालुक्याच्या वाचकाला पहिलंच हे द्याल तर तो परत खणाकडे फिरकणार नाही. बरव्यांचं एकही चित्र न पाहिलेला माणूस बरव्यांचं चिंतन काय म्हणून वाचेल? आधी चित्रं दिसली पाहिजेत.

माझं मत माधुरी पुरंदरे यांच्या ‘पिकासो’ला. त्या स्वतः चित्रकला शिकलेल्या, पॅरिसला राहून आलेल्या आणि मराठी अशी की वाक्यात कुठे खडा लागत नाही. तुम्ही म्हणता तसं चरित्रच आहे ते, पण माणूस, काळ आणि चित्र तिन्ही एकत्र चालतात. १९०७ साली ‘आविन्योंच्या तरुणी’ पाहून पिकासोचे मित्रसुद्धा हादरले होते हे वाचलं की आपल्याला ते चित्र विचित्र वाटतं याची लाज वाटत नाही.

मराठी कलाविषयक पुस्तकांचं खरं दुखणं छपाई. रंगाबद्दल पानभर वाचायचं आणि शेजारी करडं चौकोनी काहीतरी. पिकासोच्या ‘गेर्निका’चं तेवढं बरं, ते मुळातच काळ्या-पांढऱ्या-करड्यात आहे. पण ते साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर लांब आहे, आणि पुस्तकात पोस्टकार्डाएवढं!

शिंपला

वाचनालयात संगणक असेल ना? बरवे, गायतोंडे, पिकासो सगळ्यांची चित्रं संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर रंगीत बघता येतात. पुस्तकात चिठ्ठी ठेवायची : पान अमुक वाचण्याआधी हे चित्र पडद्यावर बघा.

त्रिज्या

शिंपला, चिठ्ठीची कल्पना उचलली. संगणक आहे, सध्या त्यावर फक्त सातबारा काढतात. :)

वैनगंगा

मी प्रांजळपणे विचारते. गायतोंडे यांचं एक चित्र २०१५ साली मुंबईतल्या लिलावात २९ कोटींच्या वर गेलं. मी त्याचं छायाचित्र पाहिलं. पिवळसर रंग, त्यावर काही खुणा. यात बघायचं काय हे मला कुणीतरी सांगा. ‘अनुभवा’ असं सांगू नका, ते ऐकून कान किटले.

पोतदार

वैनगंगा, सरळ विचारलंत, सरळ सांगायचा प्रयत्न करतो.

किमतीचं बाजूला ठेवा. ती त्यांच्या हयातीत नव्हती; ते २००१ साली गेले. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली नागपूरचा, म्हणजे तुमच्याच बाजूचा. १९४८ साली जे.जे.तून बाहेर पडले. सुरुवातीची चित्रं माणसांची, आकृतींची आहेत, त्यांवर पाऊल क्ले या स्विस चित्रकाराचा प्रभाव स्पष्ट दिसतो. मग हळूहळू आकृती गेली. कुंचल्याची जागा रोलर आणि पॅलेट नाइफनं (रंग पसरायच्या बोथट सुरीनं) घेतली. रंगाचा थर द्यायचा, काही भाग खरवडून काढायचा, पुन्हा थर. वर्षाकाठी मोजकीच चित्रं पुरी व्हायची.

बघायचं काय? तो पिवळा एकच पिवळा नाही. खालचे थर कुठे वर येतात, कुठे बुडतात ते बघा. खुणा एका आडव्या पट्ट्यात गोळा झाल्यात की विखुरल्यात, आणि त्यांमुळे उरलेली जागा जवळ वाटते की दूर, हे बघा. गायतोंडे स्वतः ‘अमूर्त’ हा शब्द नाकारायचे. आपलं काम ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ आहे म्हणायचे. म्हणजे एखादी वस्तू घेऊन तिचा अर्क काढलेला नाही, मुळात वस्तूपासून सुरुवातच नाही. त्यामुळे ‘हे कशाचं चित्र?’ हा प्रश्न तिथे लागू पडत नाही. आपण रागाला विचारत नाही की यमन कशाचा.

‘चिन्ह’ या कलाविषयक प्रकाशनाने काढलेला ‘गायतोंडे’ ग्रंथ मिळाला तर पाहा. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन केलं. आपल्याकडे मात्र त्यांच्याबद्दल वाचायला मिळणं अजून दुर्मीळ.

वैनगंगा

यमन पटला. पुन्हा पाहते.

खडू-फळा

मी निवृत्त कलाशिक्षक. धागा वाचून राहवलं नाही.

तुम्ही तीन खण म्हणता, पण त्यातले दोन आमच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना एकाच दप्तरात असायचे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि चौथा पेपर कर्तव्यभूमिती व अक्षरलेखन. कंपास घेऊन वर्तुळाला स्पर्शिका काढणारं पोर दुसऱ्या दिवशी त्याच कंपासनं संकल्पचित्रात पाकळ्या काढायचं. आठवीत हा एकच हात असतो. नववी-दहावीत भूमिती ‘गणित भाग २’ होते, चित्रकलेचा तास सराव परीक्षेला दिला जातो आणि हात तुटतो. बहुतेक पोरं तर फक्त दहावीच्या वाढीव गुणांसाठी परीक्षेला बसतात, हेही खरं.

पुस्तक सांगतो. पाऊल क्ले बाउहाउस या जर्मन कलाशाळेत १९२१ पासून दहा वर्षं शिकवत होता. तिथल्या पाठांची टिपणं १९२५ साली छोट्या पुस्तकात छापली, ‘पेडॅगॉजिकल स्केचबुक’. इंग्रजीत मिळतं, बरंच स्वस्त, शब्द थोडे आणि रेखाटनं जास्त. पहिल्याच पानावर एक बिंदू फिरायला निघतो आणि त्याची रेषा होते. मग दुसरी रेषा तिला सोबत करते. मग रेषा बंद होते, आकार होतो, आकार तोलायला लागतात. हे मी सातवीच्या वर्गात फळ्यावर करत असे. चित्रकलेत ‘कच्ची’ म्हणवणारी मुलं यात सगळ्यात पुढे, कारण इथे हुबेहूब काढायचं नसतं, ठरवायचं असतं. क्लेचा सहकारी कांडिन्स्कीचं ‘पॉइंट अँड लाइन टू प्लेन’ त्याच्या पुढच्याच वर्षाचं, १९२६. ते जड आहे, नंतर वाचावं.

त्रिज्याताई, हे पुस्तक गणिताच्या खणात ठेवलंत तरी माझी हरकत नाही.

लालमाती

खडू-फळा सर, नमस्कार. आमच्या चित्रकलेच्या सरांची आठवण आली. फळ्यावर एका हातानं, कंपासाशिवाय गोल काढायचे आणि आम्ही टाळ्या वाजवायचो.

आडवी रेघ

समीक्षेवर अजून कुणी बोललं नाही, म्हणजे त्या खणाची अवस्था इथेही तीच. :)

मी मर्ढेकरांपासून सुरू करतो. ‘सौंदर्य आणि साहित्य’, १९५५. कवी म्हणून मर्ढेकर सगळ्यांना माहीत. ‘कांही कविता’वर अश्लीलतेचा खटला झाला, त्यातून ते सुटले, ही कहाणीही माहीत. पण त्यांनी सौंदर्यशास्त्रात जे करून पाहिलं ते विलक्षण धाडसी आहे. संगीत, चित्र, कविता सगळ्यांना लागू होईल असा एकच नियम त्यांना हवा होता. त्याला त्यांनी लय म्हटलं आणि तिची तीन तत्त्वं सांगितली : संवाद, विरोध, समतोल. एका रंगाशी दुसरा जुळतो, तिसरा भांडतो, आणि सगळं मिळून तोललं जातं. कवितेत हेच रंगांऐवजी भावनात्मक अर्थांमध्ये घडतं, असं त्यांचं म्हणणं.

खडू-फळा सरांनी क्लेबद्दल लिहिलं ते वाचताना सारखं हेच आठवत होतं. गणिताच्या माणसाला तर मर्ढेकर जवळचे वाटावेत. थोडक्या तत्त्वांतून सगळं बांधायचा ध्यास तोच.

आणि मग रा. भा. पाटणकर यांची ‘सौंदर्यमीमांसा’, १९७४. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेला ग्रंथ. पाटणकर म्हणतात, कलेचा व्यवहार एका सूत्रात मावत नाही, तो दोन ध्रुवांमध्ये ताणलेला असतो. एक ध्रुव अलौकिकतावादी : कला स्वायत्त, बाहेरच्या जगाशी तिला देणंघेणं नाही. दुसरा लौकिकतावादी : कला जीवनातूनच येते आणि जीवनाच्याच निकषांनी जोखायची. जर्मन तत्त्वज्ञ कांटपासून मर्ढेकरांपर्यंत सगळ्यांना ते या ताणात तपासतात. त्रिज्याताईंच्या कसोटीबद्दल माझं म्हणणं एवढंच की विचार करणाऱ्याचाही हात असतो. पाटणकर एखादी संकल्पना उलगडतात तेव्हा तो हात चालताना दिसतो. फक्त वाचणाऱ्याला थोडा दम लागतो.

बडनेरकर

‘ब’ वर्ग वाचनालयात सौंदर्यमीमांसा! रेघसाहेब, कोण नेणार हो?

आडवी रेघ

नेट-सेटची आणि यूपीएससीला मराठी साहित्य घेतलेली मुलं नेतील. समितीतल्या ज्येष्ठांना स्पर्धा परीक्षाच हव्या आहेत ना? मग ही घ्या. :)

शिंपला

हे उत्तर झकास आहे. पण मी बडनेरकरांच्या बाजूनं. सौंदर्यशास्त्र म्हणजे समीक्षा नव्हे. सामान्य वाचकाला समीक्षेची गरज कधी पडते? एखादी कविता आवडली पण कळली नाही, किंवा कळली पण आवडली का ते सांगता येत नाही, तेव्हा. तिथे म. वा. धोंड लागतात.

‘तरीही येतो वास फुलांना’ हे मर्ढेकरांच्या कवितेवरचं त्यांचं पुस्तक घ्या. धोंड कवितेतल्या एकेका शब्दाचा माग काढतात. हा संदर्भ कुठला, त्या काळच्या मुंबईत हे काय होतं, ही ओळ कुठल्या जुन्या ओळीला टक्कर देते. एखाद्या जुन्या गुन्ह्याचा तपास वाचावा तसं मी वाचलं. शेवटी त्यांचा निष्कर्ष पटो न पटो, कविता मात्र आपली झालेली असते. अनेकांना त्यांची काही उत्तरं ओढूनताणून वाटतात, मलाही दोन-तीन ठिकाणी वाटली. पण भांडता येईल इतकं उघडं लिहितात, हीच मोठी गोष्ट. ‘ज्ञानेश्वरीतील लौकिक सृष्टी’मध्येही तीच दृष्टी आहे : ज्ञानेश्वरीतले दाखले घेऊन त्या काळचं रोजचं जग शोधायचं. ते तर वारकरी घरांतूनही नेलं जाईल.

कादंबरीसाठी नरहर कुरुंदकरांचं ‘धार आणि काठ’. वर्गात उभं राहून बोलल्यासारखं लिहितात. मत रोखठोक.

नेमाड्यांचं ‘टीकास्वयंवर’ही ठेवा. त्यावर वाचनालयातच वादावादी होईल, आणि वाद झाला की पुस्तकं नेली जातात.

मांडवी

गोव्याहून लिहिते. चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपचा विषय अजून कुणी काढला नाही याचं आश्चर्य वाटलं. १९४७, मुंबई : सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि शिल्पकार बाकरे. सूझा आमच्या साळगावचा. ह. अं. गाडे अमरावतीकडचे, म्हणजे बडनेरकरांच्या दाराशी. गायतोंडे काही काळानं यांच्यात आले, मूळ त्यांचंही गोव्याचंच.

पण माझी सूचना वेगळी आहे. आधुनिक कला म्हणजे फक्त भिंतीवरचं चित्र नव्हे. माधव आचवल यांचं ‘किमया’ घ्या, १९६१. आचवल वास्तुशास्त्राचे प्राध्यापक, बडोद्याला शिकवायचे आणि साहित्याचे उत्तम समीक्षकही. ‘किमया’ इमारतींबद्दल आहे, पण खरं तर पाहण्याबद्दल आहे. भिंत, दार, जिना, उजेड आत कसा येतो, एका जागेतून दुसऱ्या जागेत जाताना शरीराला काय वाटतं. लहानसं पुस्तक. ते वाचून मी कला अकादमीत गेले. चार्ल्स कोरियांनी बांधलेली, मांडवीच्या काठावरची. आजवर तिथे नाटकं पाहिली होती, इमारत पाहिली नव्हती. रस्त्यावरून आत शिरताना दार असं लागतच नाही, छपराखाली चालत चालत नदीपर्यंत पोचता. हे आचवलांनी दाखवलं म्हणून दिसलं.

शिवाय इमारतीत तर सगळ्यांनाच राहावं लागतं. ‘हे माझ्यासाठी नाही’ म्हणायची सोय नाही.

पोतदार

‘किमया’ला शंभर टक्के अनुमोदन.

बे एके बे

गणितावर यायचं का आता?

मंगला नारळीकर यांचं ‘गणितगप्पा’. दोन भाग. त्या स्वतः गणितज्ञ, पण लिहिताना समोर पाचवी-सातवीचं मूल बसलेलं असतं. शून्य, अपूर्णांक, ऋण संख्या, कोडी. ऋण गुणिले ऋण धन का होतं याचं उत्तर ‘तसा नियम आहे’ असं देत नाहीत. पालकांनी आधी वाचावं.

लालमाती

नारळीकर बाई म्हणजे ‘वीस एक, वीस दोन’वाल्या ना? २०१९ चं दुसरीचं पुस्तक, एकवीसला ‘वीस एक’ म्हणणारं.

बे एके बे

हो, त्याच. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते, म्हणून यावर बोलते. त्रेसष्ट ऐकलं की मूल आधी ‘तीन’ ऐकतं आणि ३६ लिहितं. दर वर्षी, दर वर्गात. एकोणसाठ म्हटलं की साठ ऐकू येतं आणि ६९ लिहितं. ज्यांच्या घरी मराठी वेगळी बोलली जाते किंवा बोललीच जात नाही, त्यांचे हाल जास्त. त्या पुस्तकात संख्यांची जुनी, जोडाक्षरं असलेली नावं काढून टाकली नव्हती, सोबत दुसरी, सोपी वाट दिली होती. मुलांना तिचा उपयोग होताना मी पाहिलं आहे. त्या काळात बाईंची जी टिंगल झाली ती वाचून वाईट वाटायचं. २०२३ साली त्या गेल्या. शेवटपर्यंत शांतपणे समजावत राहिल्या.

लालमाती

टिंगल चूकच होती. पण विरोध करणारे सगळे टिंगल करणारे नव्हते. ‘सत्तावीस’, ‘अठ्ठेचाळीस’ कानावर पडले नाहीत तर आजीशी व्यवहार कसा करायचा, ही काळजीही खरी होती. आमच्या वडिलांना पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ. बाजारात कागद न घेता हिशेब.

केळफूल

औटकी विसरलात! साडेतीनची. :)

त्रिज्या

दोघांचंही पटतंय आणि हा विषय शंभर प्रतिसाद खाऊ शकतो, म्हणून विनंती, त्यासाठी वेगळा धागा काढू या. मी नक्की येईन. इथे पुस्तकं.

लालमाती

मान्य. मग देवळालीच्या कापरेकर गुरुजींचं नाव घेतो. द. रा. कापरेकर (१९०५–१९८६), आयुष्यभर शाळामास्तर. संख्यांशी खेळायचे, स्वतःच्या पैशानं पुस्तिका छापायचे. पदव्यांच्या जगानं फारसं विचारलं नाही. १९७५ साली गणिताच्या कोड्यांवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरनं ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिलं आणि जगाला कळलं.

वाचनालयाच्या भिंतीवर हे लावा. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, वजा करा.

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

आता ६१७४ वर तेच करा : ७६४१ − १४६७ = ६१७४. अडकलात! कुठूनही सुरू करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येता. हा कापरेकर स्थिरांक. तीन अंकी संख्यांना ४९५ येतो. आणि ४५ चा वर्ग २०२५, त्याचे दोन तुकडे २० आणि २५, बेरीज पुन्हा ४५. अशांना कापरेकर संख्या म्हणतात. २९७ करून बघा.

वैनगंगा

२९७ चा वर्ग ८८२०९. ८८ अधिक २०९ = २९७. अरे वा! कामं सोडून हे करत बसले.

निळी शाई

अमेरिकेतून लिहितोय, मुलाच्या शाळेमुळे हा विषय रोजचा आहे. दोन इंग्रजी पुस्तकं सुचवतो.

एक, जॉर्ज पोल्याचं ‘हाउ टू सॉल्व्ह इट’, १९४५. उदाहरण सुटत नसेल तर स्वतःला कुठले प्रश्न विचारायचे : काय काढायचं आहे, काय दिलंय, याच्यासारखं पण सोपं गणित कुठलं, उत्तर आल्यावर मागे वळून पाहिलं का. शिक्षकांनी तर वाचायलाच हवं.

दोन, पॉल लॉकहार्टचं ‘अ मॅथेमॅटिशियन्स लॅमेंट’. हा संशोधन सोडून शाळेत शिकवायला गेलेला गणितज्ञ. पुस्तकाची सुरुवात एका संगीतकाराच्या दुःस्वप्नानं होते : शाळेत संगीत सक्तीचं केलंय, पण मुलं वर्षानुवर्षं फक्त स्वरलिपी गिरवतात, गायचं-वाजवायचं पुढे कॉलेजात. तो म्हणतो, गणिताचं आपण हेच केलंय. मग एक उदाहरण देतो. आयतात एक त्रिकोण बसवलाय, वरचं टोक वरच्या बाजूला टेकलेलं. त्रिकोणानं किती जागा व्यापली? वरच्या टोकातून खाली सरळ रेघ मारा. आयताचे दोन तुकडे झाले आणि प्रत्येक तुकडा त्रिकोणाच्या तिरक्या बाजूनं निम्मा कापलाय. म्हणजे त्रिकोण अर्धा. ती एक रेघ सुचणं म्हणजे गणित. आपण मात्र ‘एक छेद दोन गुणिले पाया गुणिले उंची’ पाठ करून घेतो.

त्रिज्याताईंच्या ‘हात दिसला पाहिजे’चं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. आणि ती रेघ क्लेच्या वहीतही शोभली असती.

बे एके बे

निळी शाई, लॉकहार्ट वाचून मीही भारावले होते. पण साठ मुलांच्या वर्गात सगळ्यांना रेघ सुचेपर्यंत थांबता येत नाही. आणि ज्याला सात आठे छप्पन्न येत नाहीत त्याला रेघ सुचली तरी पुढे जाता येत नाही. सुचणं आणि सराव एकमेकांचे वैरी नाहीत. गवयी रियाज करतोच की.

निळी शाई

रियाजात गवयी गातो, तो स्वरलिपी गिरवत नाही. माझं म्हणणं तेवढंच. साठ मुलांचा मुद्दा मात्र बिनतोड आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

खडू-फळा

साठ मुलांत मी असं करायचो : सगळ्यांना एकच बिंदू द्यायचा, कागदावर एकाच जागी. तिथून रेषा ज्याची त्याची. पाच मिनिटं. मग साठ कागद भिंतीला. सुचतं ते एकमेकांचं बघून. बाईंनी आयत-त्रिकोणाचं असं करून पाहावं.

त्रिज्या

खडू-फळा सर, करून पाहिलं! आठवीला. प्रत्येकाला आयत दिला, वरच्या बाजूवर हवा तिथे बिंदू घ्यायला सांगितला, त्रिकोण काढा, व्यापलेली जागा ठरवा. काहींनी कागद कापून तुकडे एकमेकांवर ठेवले. एका मुलीनं बिंदू अगदी कोपऱ्यात घेतला आणि म्हणाली, बाई, माझं तर रेघ न मारताच अर्धं दिसतंय. मग बाकीचे तिच्या कागदाभोवती. सूत्र मी फळ्यावर लिहिलंच नाही, त्यांनी लिहिलं.

आता समितीची बातमी. काल बैठक झाली. ज्येष्ठांना आडवी रेघ यांचा यूपीएससीचा मुद्दा सांगितला, ते हसले आणि ‘सौंदर्यमीमांसा’ला मान्यता मिळाली. ‘पिकासो’, ‘किमया’, ‘गणितगप्पा’, धोंडांचं मर्ढेकरांवरचं, ‘धार आणि काठ’, क्लेची वही आणि पोल्या हेही ठरले. ‘टीकास्वयंवर’ आमच्याकडे आधीच होतं, धुळीत. ‘कोरा कॅनव्हास’वरून माझी आणि ग्रंथपालांची चर्चा लांबली, त्यांनाही बडनेरकरांसारखंच वाटतं. मी हटले नाही. संगणकाशेजारी बरव्यांच्या चित्रांची यादी लावायची या अटीवर घेतलं.

एक प्रश्न उरला. हे तीन खणांत वाटून ठेवायचं की नाही? मला वाटतं दारासमोरच्या टेबलावर सगळी एकत्र ठेवावीत. ग्रंथपाल म्हणतात, वर्गीकरण मोडतं.

आडवी रेघ

क्रमांक वर्गीकरणाचाच राहू द्या, पुस्तक टेबलावर राहू द्या. नोंदवहीला फरक पडत नाही. आणि त्या टेबलावर द. ग. गोडसे यांचं ‘पोत’ नसेल तर टेबल अपुरं. १९६३ चं पुस्तक. गोडसे चित्रकार, नेपथ्यकार, लेखक सगळंच. चित्र, शिल्प, साहित्य यांना ‘पोत’ या एका कल्पनेतून पाहतात. तुमच्या तीन खणांमधल्या भिंती पाडणारा माणूस.

शिंपला

‘पोत’ला जोरदार अनुमोदन. गणितातून पेरेलमानही हवा. मीर प्रकाशनाचं ‘मॅथेमॅटिक्स कॅन बी फन’, सोव्हिएत पुस्तकांच्या प्रदर्शनांत पाच-दहा रुपयांना मिळायची तेव्हा आमच्या पिढीनं घेतली. आता जुन्या पुस्तकवाल्यांकडे शोधावी लागतात.

मांडवी

पेरेलमान माझ्याकडे आहे! पानं पिवळी पडलीत, पण शिवण पक्की. त्याच्या कोड्यांवर भावाची पेन्सिलीची उत्तरं आहेत, चालेल का?

त्रिज्या

मांडवी, पेन्सिलीसकट हवं. उत्तरं खोडू नका, मुलं तपासतील. पत्ता व्यक्तिगत निरोपातून (व्यनि) कळवते. टपालखर्च वाचनालय देईल, तसा ठराव आहे. ‘पोत’ कुणाला जुन्या बाजारात दिसलं तर घेऊन ठेवा आणि कळवा, पैसे लगेच पाठवते.

पोतदार

‘पोत’च्या माझ्याकडे दोन प्रती आहेत. एक तुमची. पुढच्या आठवड्यात साताऱ्याला येतोय, मार्गावर असाल तर आणून देतो. जमलं तर गायतोंडेंची आणि बरव्यांची काही चांगली मोठी छापील चित्रंही आणतो, भिंतीला लावायला. वैनगंगा, तुम्ही पुन्हा पाहणार होतात, काय झालं?

वैनगंगा

पाहिलं. पडदा मोठा करून पाहिलं, मग लांब जाऊन पाहिलं. खालचा थर डावीकडे वर येतो आणि तिथे उजेड असल्यासारखं वाटतं, ते दिसलं. २९ कोटींचं अजून कळलं नाही. पण पुढचं कुठलं बघू ते सांगा.